घाटावरच्या घोषणा आणि फलक: माणसाला हाक कशी मारायची?

गोदाकाठ_नाशिक

नमस्कार मंडळी. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंड, गांधी तलाव आणि तपोवनाच्या बाजूला काम करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी एक छोटी पुस्तिका तयार होते आहे. माईकवरच्या घोषणा, फलकांचा मजकूर आणि मदत कक्षात समोरासमोर बोलायची वाक्यं असं तिचं स्वरूप आहे. कच्च्या खर्ड्यातली पाच वाक्यं खाली देतो.

१. भाविकानों, कृपया आपण आपले सामान आपल्याजवळ ठेवावे.
२. बंधू आणि भगिनीनों, पाण्यात खोल जाऊ नये.
३. महिलांनी उजवीकडच्या रांगेत उभे राहा.
४. पळू नका, घाबरू नका, ढकलू नका.
५. हरवलेल्या आजीबाईंनी मदत कक्षाकडे यावे.

वाचायला बरी वाटतात, पण तोंडाने म्हणून पाहिली की कुठेतरी अडखळतं. तू, तुम्ही, आपण यांतलं काय कुठे वापरायचं? अनोळखी बाईला ताई म्हणायचं, मावशी की काकू? 'कृपया' प्रत्येक वाक्यात हवंच का? आणि त्या अनुस्वाराचं नक्की काय? जाणकारांनी सविस्तर सांगावं, पुस्तिका छापायला जायची आहे.

शुद्धलेखनाची_वही

अनुस्वारापासून सुरुवात करतो, कारण ते पटकन मिटेल. 'भाविकानों' असं रूप मराठीत नाही. संबोधनाच्या अनेकवचनाचा प्रत्यय नुसता 'नो'. अनुस्वार त्याच्या आधीच्या अक्षरावर येतो, कारण ते अनेकवचनी सामान्यरूप आहे. भाविकांना, भाविकांनी, भाविकांचा, तसंच भाविकांनो. राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या लेखननियमांत हे स्वच्छ सांगितलेलं आहे. 'नों' हिंदीतून आलं असं लोक म्हणतात, पण हिंदीतही प्रमाण रूप 'भाइयो, बहनो' असं बिंदूशिवायच आहे.

पुस्तिकेत लागतील अशी रूपं: यात्रेकरूंनो, प्रवाशांनो ('प्रवासींनो' नव्हे, सामान्यरूपात 'सी'चा 'शां' होतो), रहिवाशांनो, विद्यार्थ्यांनो, स्वयंसेवकांनो, भावांनो, बहिणींनो, ताईंनो, मावश्यांनो. 'बंधू आणि भगिनींनो' म्हटलं की बंधू बिचारे प्रत्ययाविना राहतात. एक तर 'बंधूंनो आणि भगिनींनो' म्हणा, नाही तर समास करून 'बंधुभगिनींनो'. सुट्या शब्दात धू दीर्घ, समासात धु ऱ्हस्व. दुसरा जुना मार्ग 'हो'चा: मित्रहो, लोकहो, भाविकहो. तिथे सामान्यरूपही होत नाही आणि अनुस्वारही येत नाही.

आता खरी गडबड. तुमचं तिसरं वाक्य 'महिलांनी ... उभे राहा' असं आहे. ही चूक बस स्थानकापासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळीकडे ऐकू येते. 'महिलांनी' म्हटलं की महिलांविषयी बोलणं झालं, 'राहा' म्हटलं की महिलांशी बोलणं झालं. एका वाक्यात दोन्ही बसत नाही. दोन सरळ वाटा आहेत:

महिलांनी उजवीकडच्या रांगेत उभे राहावे. (हा नियम झाला, फलकावर चालेल.)
ताईंनो, उजवीकडच्या रांगेत उभ्या राहा. (ही हाक झाली, माईकवर हीच हवी.)

दुसऱ्या वाक्यात 'उभ्या' आहे तिकडे लक्ष द्या. 'तुम्ही'ची क्रियापदं लिंग दाखवत नाहीत. तुम्ही करता, गेलात, याल हे बाईलाही तेच, पुरुषालाही तेच. 'तू'चं तसं नाही: करतोस आणि करतेस, गेलास आणि गेलीस. म्हणून समोर कोण असेल हे ठाऊक नसताना 'तुम्ही' सोयीचं पडतं. पण विशेषण आलं की लिंग डोकं वर काढतं: उभे-उभ्या, एकटे-एकट्या, कुठले-कुठल्या. 'तुम्ही कुठले?' हे आजींना विचारलं तर कानाला खटकतं, 'तुम्ही कुठल्या गावाहून आलात?' असं विचारलं की प्रश्नच उरत नाही. मिश्र रांगेसाठी 'उभे राहा' ऐवजी 'थांबा' घ्या.

आता पहिलं वाक्य. 'आपण आपले सामान आपल्याजवळ ठेवावे.' 'आपण' या एका शब्दाची मराठीत निदान चार कामं आहेत. बोलणारा आणि ऐकणारा मिळून आपण: 'चला, आपण जाऊ'. मान देऊन समोरच्याला आपण: 'आपण बसावं'. स्वतः या अर्थी: 'तो म्हणाला, आपण काही येणार नाही'. आणि बोलण्यात नुसता मी: 'आपण नाही बुवा घाबरत'. वर्तमानकाळात क्रियापद वाचवतं, आपण जातो म्हणजे सगळे, आपण जाता म्हणजे तुम्ही. पण '-आवे' लागलं की हा आधार जातो. आणि 'आपले', 'आपल्याजवळ' हे तर आपल्या सर्वांचेही आणि ज्याचे त्याचेही. घाईत ऐकणारा या वाक्याचा अर्थ 'सामान मंडळाकडे जमा करा' असा घेऊ शकतो. मग मदत कक्षापुढे पिशव्यांचा ढीग लागतो आणि तो सांभाळायला माणूस नसतो. त्याऐवजी म्हणा, 'भाविकांनो, सामान स्वतःजवळ ठेवा.' किंवा 'आपापलं सामान सांभाळा.' 'आपापलं' फार कामाचा शब्द आहे. ज्याचं त्याचं असा एकच अर्थ त्यात आहे.

मदत कक्षात प्रश्न विचारताना आणखी एक. 'आपण पावती घेतली का?' हे संदिग्ध आहे, कारण घेतली हे रूप पावतीप्रमाणे चाललंय, ते कोणी घेतली हे सांगत नाही. दोन स्वयंसेवक आपसांत बोलतायत असंही वाटेल. शेवटी 'त' लावा: 'पावती घेतलीत का?' आता ते तुम्हीच.

नियम सांगताना नये आणि नयेत यांत गल्लत होते. पात्रात कपडे धुऊ नयेत (कपडे अनेक, म्हणून नयेत, आणि 'धुऊ', 'धुवू' नाही), कचरा टाकू नये. समोरच्याला थेट सांगताना तुम्हीला 'नका', तूला 'नकोस'.

आज्ञार्थात एक बारीक जागा सहसा सुटते. बस-बसा, ये-या, घे-घ्या, दे-द्या यांत तू आणि तुम्ही वेगळे ऐकू येतात. पण खा, जा, गा या आकारान्त धातूंचं रूप दोघांनाही तेच. 'जा' एवढंच म्हटलं तर वडीलधाऱ्याला ते एकेरी लागतं, हाकलल्यासारखं. 'पुढे जा' ऐवजी 'पुढे चला' म्हणा. 'चला'मध्ये मानही आला आणि सोबतही.

भोंगा_आणि_माईक

वरच्या उत्तरातलं नियम आणि हाक हे वेगळेपण माईकवर फार महत्त्वाचं आहे. '-आवे' आणि 'नये' कानावर पडलं की प्रत्येकाला वाटतं, हे दुसऱ्यांसाठी चाललंय. 'पालकांनी मुलांचा हात सोडू नये' ऐकून कोणी स्वतःच्या मुलाकडे वळून पाहत नाही. 'आई-बाबांनो, मुलाचा हात घट्ट धरा' म्हटलं की हात जातो.

घोषणेची बांधणी अशी ठेवा. हाक, थांबा, काम, ठिकाण, पुन्हा एकदा. हाक मारल्यावर पूर्ण दोन सेकंद काही बोलायचं नाही. गर्दीत माणूस आधी बोलणं थांबवतो आणि मग ऐकतो. तेवढा वेळ दिला नाही तर महत्त्वाचा शब्दच त्या गोंगाटात जातो.

हाकेचा शब्द उघड्या स्वरावर संपणारा हवा. भाविकांनो, ताईंनो यांचा 'ओ' लांब ओढता येतो, थांबा-सरका यांचा 'आ' लांबवर पोचतो. 'सर्व उपस्थित भाविक' यातलं काहीच पोचत नाही. भोंग्यातून खालचे आवाज तसेही नीट येत नाहीत आणि स, श, फ ही व्यंजनं गर्दीच्या आवाजात विरतात. माईक ओठांपासून चार बोटं दूर आणि थोडा तिरका धरा, नाही तर 'भाविकांनो'चा भ फुटतो आणि पहिलाच शब्द धप्प असा ऐकू येतो.

घाटावर भोंगे लांब लांब असतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दोन भोंग्यांच्या अंतरात १०० मीटरचा फरक असेल, तर दुसऱ्याचा आवाज जवळपास पाव ते एक तृतीयांश सेकंद उशिरा येतो. नेहमीच्या वेगाने बोलताना सेकंदाला पाच-सहा अक्षरं जातात, म्हणजे दीड-दोन अक्षरं एकमेकांवर चढतात. दगडी पायऱ्यांवरून प्रतिध्वनी येतो तो वेगळाच. उपाय एकच. तीन-चार शब्दांची वाक्यं, मध्ये श्वास. 'गंगापूर धरणातून पाणी सोडलं आहे. | पाणी वाढतंय. | पायऱ्यांवरून वर या. | गाड्या लगेच हलवा.' प्रत्येक उभ्या रेघेवर एक सेकंद.

नाव सांगताना 'गोदावरी' म्हणा. नाशिककर आपसांत 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतात ते ठीक, पण बाहेरगावच्या माणसाला माईकवरून गंगा, गंगापूर, गंगाघाट असं एकापाठोपाठ ऐकवलं तर त्याला काहीच लागत नाही.

चौथ्या वाक्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो, ते पुस्तिकेतून काढूनच टाका. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'पळू नका' यातला 'पळू' आधी पोचतो, 'नका' भोंग्यात, आरडाओरड्यात हरवतो. अर्धं ऐकलेला माणूस पळायला लागतो. 'घाबरू नका' ऐकून, घाबरण्यासारखं काहीतरी झालंय हे पहिल्यांदाच कळणारे लोक असतात. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाकडच्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन माणसं गेलेली आहेत, त्यामुळे ही शब्दांची किरकोळ बाब समजू नका. आणीबाणीला होकारात बोला: 'जागेवर थांबा. | लहान मुलं उचलून घ्या. | मागच्यांनो, दोन पावलं मागे सरका.' मागे सरकायचं ते मागच्यांनाच उद्देशून सांगायचं. पुढचा माणूस इच्छा असूनही मागे येऊ शकत नाही, त्याच्या पाठीशी भिंत झालेली असते. म्हणून दोन टोकांना दोन वेगळ्या हाका लागतात आणि जमलं तर माईकही वेगळे.

'कृपया' अशा वेळी नको. ते विनंतीचं आहे, विनंती टाळता येते. एरवी दर चार-पाच घोषणांत एकदा पुरे. मराठीत विनंती 'बसा ना', 'थोडं सरकता का', 'या की इकडे' अशा लकबीतच असते. प्रत्येक वाक्याला कृपया डकवलं की भाषा तिकीट खिडकीची होते.

आणखी एक. माईक हातात असताना 'काही लोकांना सांगूनही कळत नाही' असं बोलायचं नाही. लेकी बोले सुने लागे हे घरात चालतं, घाटावर ते ज्याला लागायचं त्याला लागत नाही आणि बाकी हजार जण दुखावतात. ज्याला सांगायचंय त्याला खूण सांगून सांगा: 'तिसऱ्या पायरीवरचे निळ्या टोपीतले दादा, एक पायरी वर या.' ते वळून बघतातच.

रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी असते. आणीबाणी किंवा परवानगीची वेळ सोडून त्या वेळेत माणूस पाठवून, जवळ जाऊन सांगायचं. पुस्तिकेत हे लिहा.

पंचवटी_कारंजा

ताई, मावशी, काकू याबद्दल.

अनोळखी बाईला 'ताई'. पंधरा वर्षांच्या मुलीपासून पन्नाशीच्या बाईपर्यंत कोणालाच त्यात खटकत नाही. त्यापुढे 'आजी' म्हणायची घाई करू नका, केस पिकलेले दिसले तरी. शंका असेल तिथे ताईच. 'मावशी' आणि 'काकू' यांत मात्र एक काटा आहे, तो ओळखा. आईच्या बहिणीचं नाव इतकं गोड, पण शहरात ते हळूहळू भाजीवालीला, धुणंभांडी करणाऱ्या बाईला चिकटलं, आणि 'काकू' सोसायटीतल्या बाईला. एकाच रांगेत लुगड्यातल्या बाईला मावशी आणि पंजाबी ड्रेसमधल्या बाईला काकू म्हटलंत, तर दोघींनाही आपली पारख झाल्याचं कळतं. त्यापेक्षा दोघींना ताई म्हणा. यात तडजोड नको.

'बाई' शाळेत शिक्षिकेला मानाचं, नावापुढेही मानाचं, पण नुसतं 'ओ बाई' अपमानाचं. पुरुषांना 'दादा' किंवा 'भाऊ', वयस्करांना 'काका' किंवा 'बाबा'. पोलिसांना 'मामा' म्हणायची पद्धत आहे, ती स्वयंसेवकांनी पाळू नये, 'साहेब' म्हणावं. तीर्थपुरोहितांना 'गुरुजी', साधूंना 'महाराज'. वारकरी दिसला की 'माऊली', त्यात वय, जात, बाई-पुरुष सगळं मिटतं. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेत तुम्हाला दुसरं संबोधन क्वचितच ऐकू येईल. पण घाटावरच्या प्रत्येकाला माऊली म्हणत सुटू नका, गळ्यात तुळशीची माळ दिसली तर म्हणा.

आणि जातीवरून हाक कधीच नको, गमतीतही नको. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांत जातीवाचक बोलून शिवीगाळ करणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. व्यंगावरूनही नको. 'ओ लंगडे काका' म्हणणाऱ्याला माईकजवळ फिरकू देऊ नका. 'काठीवाले काका' म्हणता येतं की.

बागलाणी_माती

सटाणा, मालेगाव, कळवण, देवळा या बाजूचे लोक येतील त्यांच्या बोलीत अहिराणीचा सूर असतो. 'गं'च्या जागी 'वं' येईल, भाऊचं 'भो' होईल, 'माय' हे कोणत्याही वयाच्या बाईला म्हणतील, अगदी कक्षातल्या कॉलेजच्या मुलीलाही. तो लाडाचा शब्द आहे. आणि म्हातारी माणसं स्वयंसेवकाला सरळ 'तू' म्हणतील. आईला तू, देवाला तू, तसं ते तू. त्यावर 'नीट बोला' असं तोंड टाकणारा पोरगा कक्षात बसवू नका.

उलट दिशेने मात्र सूट नाही. स्वयंसेवकाने 'तुम्ही' सोडायचं नाही. भांडण पेटतं ते माणूस एकेरीवर आला की. त्याआधीची पायरी म्हणजे 'अरे'. 'अरे, पाऊस आला' यातलं अरे कोणाला उद्देशून नसतं, पण समोर साठीचे गृहस्थ उभे असताना 'अरे बाबा, तिकडे नको' निघालं की ते त्यांनाच लागतं. सवयीचा उद्गार 'अहो' असा बदलून घ्यावा लागतो, आणि त्याला सराव लागतो. दुसरं टोकही आहे. उशिरा आलेल्या मुलाला आई 'आपण कधी आलात?' विचारते, त्यात मान नसतो. थकलेल्या आवाजात 'आपण जरा ऐकाल का' म्हटलं की तोच सूर लागतो.

गोदाकाठ_नाशिक

मोलाची माहिती, सगळ्यांचे आभार. चौथं वाक्य काढलं. पाचवं राहिलंच: हरवलेली माणसं. माईकवर काय म्हणायचं आणि कक्षात बसलेल्या आजींना, लहान मुलाला काय विचारायचं? आणि फलकांसाठी कोणी सांगेल का?

हरवले_सापडले

'हरवलेल्या आजीबाईंनी मदत कक्षाकडे यावे' या वाक्याचा पत्ताच चुकलाय. आपण हरवलोय असं आजींना वाटतच नाही, घरचे हरवले असं वाटतं. त्या येणार नाहीत. आणि कक्ष कुठे आहे हे ठाऊक असतं तर त्या हरवल्या नसत्या. हाक शोधणाऱ्यांना द्यायची.

आजी कक्षात असतील तर आधी पाणी आणि बसायला जागा, मग प्रश्न. पहिला प्रश्न नवऱ्याच्या नावाचा नको. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'आमचे हे', 'घरधनी', 'थोरल्याचे वडील' यापुढे गाडी जात नाही, आणि आपल्याला वाटतं की यांना काही आठवत नाही. मुलाचं नाव विचारा, नातवाचं विचारा, गाव, तालुका, बरोबर कोणती दिंडी की गाडी, कुठे उतरलात ते विचारा. नवऱ्याचं नाव अगदीच लागलं तर 'आजी, नाव घ्या ना' म्हणा. उखाण्यात घालून सांगतील, उखाण्यात ते चालतं. त्यांचं स्वतःचं नाव माईकवर पुकारूनही फार उपयोग नसतो. कित्येकींना गावात सगळे अमक्याची आई म्हणूनच ओळखतात. म्हणून पुकारताना असं:

'निफाडहून आलेल्या मंडळींनो. | (दोन सेकंद) | तुमच्याबरोबरच्या आजी सुखरूप आहेत. | हिरवं लुगडं, हातात पितळी तांब्या. | गांधी तलावाजवळच्या मदत कक्षात बसल्या आहेत. | तुम्ही इथे या.'

'सुखरूप' हा शब्द पहिल्या वाक्यातच यायला हवा. तो उशिरा आला तर ऐकणारा आधीच धावत सुटलेला असतो. दर दहा मिनिटांनी पुकारा, शब्द न बदलता. शब्द बदलले तर ही दुसरीच कोणी आजी असं लोकांना वाटतं.

लहान मूल असेल तर खाली बसा, डोळ्यांना डोळे येतील एवढं, आणि 'तू' म्हणा. मुलाला तुम्ही म्हटलं तर ते परकं होतं. 'तुझं नाव काय?' याला घरातलं लाडाचं नाव मिळतं, सोनू, पिल्लू, छकुली. तेही लिहून घ्या. 'बाबांचं नाव काय?' विचारलं की मूल म्हणतं, 'पप्पा'. त्याच्यासाठी ते नावच आहे. मग असं विचारा: 'आजी तुझ्या बाबांना काय हाक मारते?' आजी मुलाला नावाने हाक मारते, ते नाव मुलाच्या कानात असतं. 'बाबा आईला काय हाक मारतात?' हाही चालतो. उलटा प्रश्न, आई बाबांना काय म्हणते, असा विचारलात तर 'अहो' मिळेल.

मुलाचं पुकारताना नाव आणि एखादी खूण राखून ठेवा. 'चार-पाच वर्षांचा मुलगा, निळा शर्ट' एवढंच सांगा. घ्यायला येईल त्याने नाव आणि राखून ठेवलेली खूण सांगितली पाहिजे, आणि मूल त्याला काय हाक मारतं हे नीट ऐकायचं. 'काका' म्हणालं आणि तो बाप असल्याचं सांगत असेल, तर पोलीस येईपर्यंत मूल द्यायचं नाही. मुलाचं रडणं माईकवर ऐकवायचं नाही. आई-बाप गर्दी चिरत धावतात आणि त्यांच्या मागे वाट फुटते. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आणि आणीबाणीचा ११२ हे दोन्ही नंबर कक्षाच्या आतल्या बाजूला, बसणाऱ्याला दिसतील असे लावा.

ऐकू न येणाऱ्या माणसाला पाठीमागून हाका मारत बसू नका. समोरून या, नजरेत या, मग बोला. खांद्याला हात लावायचा तर समोरून दिसेल असा.

पाटी_रंगारी

फलकांचं थोडक्यात.

३ मीटरवरून आरामात वाचायला अक्षर साधारण २.५ सेंमी उंच लागतं. २५ मीटरवरून वाचायचं असेल तर २० सेंमी धरा. देवनागरीला वरची वेलांटी, अनुस्वार आणि खालचा उकार यांची जागा वेगळी सोडा, दोन ओळींत अक्षराच्या उंचीएवढं अंतर तरी हवंच. नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वारात जातो.

फलकावर 'भाविकांनो' लिहू नका. हाक माईकला शोभते, फलक चोवीस तास बोलत असतो आणि रिकाम्या घाटावर 'भाविकांनो' म्हणत उभा राहतो. थेट काम लिहा: 'पाणी खोल आहे. साखळीच्या आत थांबा.' कारण आधी, काम नंतर. नुसतं 'खोल जाऊ नये' वाचून 'मला पोहता येतं' असं वाटणारा उतरतोच, 'खोल आहे' वाचून तो एकदा साखळीकडे बघतो.

रंगवायला देताना मजकूर टाइप करून द्या, फोनवर सांगू नका. अनुस्वार गळतो तो तिथेच. आणि रंगवून झाल्यावर पहिली तपासणी फक्त टिंबांची करा, अर्थ न वाचता, उजवीकडून डावीकडे. अर्थ वाचायला लागलं की डोळा न दिसलेलं टिंब स्वतःच भरतो.

गोदाकाठ_नाशिक

सुधारलेला खर्डा असा:

१. भाविकांनो, आपापलं सामान सांभाळा.
२. (फलक) पाणी खोल आहे. साखळीच्या आत थांबा. (माईक) बंधुभगिनींनो, साखळीच्या आत थांबा.
३. ताईंनो, तुम्ही उजवीकडच्या रांगेत उभे राहा.
४. जागेवर थांबा. लहान मुलं उचलून घ्या. मागच्यांनो, दोन पावलं मागे सरका.
५. अमुक गावाहून आलेल्या मंडळींनो, तुमच्याबरोबरच्या आजी सुखरूप आहेत...

शुद्धलेखनाची_वही

तिसऱ्यात 'उभ्या राहा'. आणि 'तुम्ही' काढा. ताईंनो म्हटल्यावर तुम्ही आलंच, माईकवर तेवढीच दोन अक्षरं वाचतात.

भोंगा_आणि_माईक

चौथ्यातली पहिली दोन वाक्यं सगळ्यांसाठी आहेत, तिसरं फक्त मागच्यांसाठी. पुस्तिकेत ते वेगळ्या ओळीवर छापा आणि समोर लिहा: 'मागच्या टोकाचा माईक'. एकाच ओळीत राहिलं तर पुढचा स्वयंसेवकही तेच वाचून दाखवेल.